घटक ६ : बोरिस साविन्कोव्ह आणि कोर्निलोव्ह प्रकरण (१९१७)

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• १९१७ च्या ऑगस्ट महिन्यात रशियात घडलेल्या कोर्निलोव्ह प्रकरणाचा घटनाक्रम सांगता येईल.
• या प्रकरणातील साविन्कोव्हच्या भूमिकेविषयीची परस्परविरोधी मते स्पष्ट करता येतील.
• समकालीन कागदपत्र आणि नंतर लिहिलेले आत्मसमर्थन यांतील फरक ओळखता येईल.
• विचारवंताची वैचारिक जबाबदारी आणि प्रत्यक्ष कटातील सहभाग यांत भेद करता येईल.

६.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीने रशियातील झारशाही संपली आणि हंगामी सरकार सत्तेवर आले, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बोल्शेविकांनी हे सरकार उलथून टाकले, हेही तुम्ही जाणता. या दोन घटनांच्या मध्ये ऑगस्टअखेरीस चार-पाच दिवसांचे एक प्रकरण घडले. सरसेनापती लाव्र कोर्निलोव्ह याने राजधानी पेट्रोग्राडकडे फौज पाठवली, पंतप्रधान अलेक्झांडर केरेन्स्कीने त्याला बंडखोर ठरवले आणि लढाई न होताच तो उठाव विरून गेला. इतिहासात ही घटना ‘कोर्निलोव्ह प्रकरण’ म्हणून ओळखली जाते.

या दोघांच्या मधोमध एक तिसरा माणूस उभा होता. बोरिस साविन्कोव्ह हा कादंबरीकार होता, जुना क्रांतिकारक होता आणि त्या वेळी युद्धखात्याचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा उपमंत्री होता. राजधानीकडे फौज पाठवण्याची मागणी सरसेनापतीपुढे त्यानेच मांडली होती आणि फौज येऊ लागल्यावर तिच्यापासून राजधानीचे रक्षण करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आली. तो कटात सामील होता, दोन्ही पक्षांना जोडू पाहणारा प्रामाणिक मध्यस्थ होता, की केरेन्स्कीच्या हातचे बाहुले होता? या प्रश्नावर आजही एकमत नाही. प्रस्तुत घटकात आपण या वादाची तपासणी करणार आहोत.

कालगणनेविषयी एक सूचना लक्षात ठेवावी. त्या काळी रशियात जुने ज्युलियन पंचांग चालत असे. ते आपल्या आजच्या इंग्रजी कॅलेंडरपेक्षा १३ दिवसांनी मागे होते. म्हणूनच २५ ऑक्टोबरची क्रांती आज ७ नोव्हेंबरला मोजली जाते. या घटकातील १९१७ च्या सर्व तारखा जुन्या पंचांगानुसार दिल्या आहेत.

६.२ पार्श्वभूमी : युद्ध, सैन्य आणि दुहेरी सत्ता

१९१७ च्या उन्हाळ्यात रशिया जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध लढत होता. देशात नावाला हंगामी सरकार होते, परंतु कामगार आणि सैनिक यांच्या प्रतिनिधींची पेट्रोग्राड सोव्हिएत तितकीच प्रबळ होती. १ मार्चला सोव्हिएतने काढलेल्या ‘आदेश क्रमांक १’ नुसार सैन्याच्या तुकड्यांत सैनिकांच्या निवडून आलेल्या समित्या स्थापन झाल्या आणि अधिकाऱ्यांच्या हुकमतीला मोठा धक्का बसला. १८ जूनला सुरू झालेली रशियन चढाई पहिल्या काही दिवसांच्या यशानंतर कोसळली. सैनिक मोर्चा सोडून जाऊ लागले. जुलैच्या आरंभी पेट्रोग्राडमध्ये सशस्त्र निदर्शने झाली. त्यानंतर केरेन्स्की पंतप्रधान झाला आणि युद्धमंत्रिपदही त्याने स्वतःकडेच ठेवले.

या परिस्थितीत ‘सैन्यात शिस्त कशी आणायची?’ हा देशापुढचा मुख्य प्रश्न बनला. फेब्रुवारी क्रांतीनंतर रद्द झालेली मृत्युदंडाची शिक्षा १२ जुलैला युद्ध-आघाडीपुरती पुन्हा लागू करण्यात आली. १८ जुलैला कोर्निलोव्हची सरसेनापतिपदी नेमणूक झाली. तो सायबेरियातील कोसॅक कुटुंबात जन्मला होता. ऑस्ट्रियाच्या कैदेतून निसटून आल्यामुळे तो लोकप्रिय झाला होता. मृत्युदंड पिछाडीवरही लागू करावा आणि रेल्वे व युद्धसामग्रीचे कारखाने लष्करी शिस्तीखाली आणावेत, अशी त्याची मागणी होती.

६.३ साविन्कोव्ह : क्रांतिकारक, कादंबरीकार, प्रशासक

साविन्कोव्हचा जन्म १८७९ साली खार्किव्ह येथे झाला. विद्यार्थी चळवळीतील सहभागामुळे त्याचे कायद्याचे शिक्षण अर्धवट राहिले आणि त्याला हद्दपार करण्यात आले. १९०३ मध्ये तो परदेशात निसटला आणि समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या ‘लढाऊ संघटने’त सामील झाला. १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेव्हे याची आणि १९०५ मध्ये झारचा चुलता ग्रँड ड्यूक सर्गेई याची हत्या झाली. या दोन्ही कटांच्या आखणीत साविन्कोव्हचा मोठा वाटा होता. या संघटनेचा प्रमुख अझेफ हाच पोलिसांचा हेर होता, हे १९०८-०९ मध्ये उघड झाले. या धक्क्यातून संघटना कधीच सावरली नाही.

१९०९ मध्ये ‘रोपशिन’ या टोपणनावाने साविन्कोव्हची ‘पांढुरका घोडा’ या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी प्रसिद्ध झाली. ती रोजनिशीच्या रूपात आहे. तिचा नायक राजकीय हत्येचा कट रचतो, पण त्या हत्येमागच्या ध्येयावर त्याची श्रद्धा उरलेली नाही. स्वपक्षीयांनी या कादंबरीवर कडक टीका केली. साहित्याचे विद्यार्थी म्हणून तुम्ही येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. स्वतःच्या हातून घडलेल्या कृतींना प्रथमपुरुषी कथनाचे रूप देण्याची कला या माणसाला १९१७ च्या पुष्कळ आधीच साधली होती. त्याचे या प्रकरणाविषयीचे निवेदन वाचताना ही बाब आपल्या उपयोगी पडेल.

फेब्रुवारी क्रांतीनंतर तो रशियात परतला आणि आघाडीवर सरकारचा प्रतिनिधी, म्हणजे ‘कमिसार’, म्हणून काम करू लागला. नैर्ऋत्य आघाडीवर त्याचा कोर्निलोव्हशी निकटचा संबंध आला. कोर्निलोव्हच्या बढतीसाठी त्याने आग्रह धरला. जुलैअखेरीस तो स्वतः युद्धखात्याचा उपमंत्री झाला. त्याचा विचार थोडक्यात असा होता : क्रांती टिकवायची असेल तर युद्ध जिंकले पाहिजे, युद्ध जिंकण्यासाठी शिस्त हवी आणि शिस्तीसाठी कठोर सत्ता हवी. जनतेचा विश्वास केरेन्स्कीकडे आहे आणि सैन्याची ताकद कोर्निलोव्हकडे आहे. या दोघांना एकत्र आणणे हे त्याने आपले कार्य मानले.

६.४ घटनाक्रम

२१ ऑगस्टला जर्मनांनी रीगा शहर घेतले आणि पेट्रोग्राडला असलेला धोका वाढला. पुढील घटना बारकाईने वाचा, कारण सगळा वाद या तपशिलांभोवती फिरतो.

२३ व २४ ऑगस्ट : साविन्कोव्ह मोगिलेव्ह येथील सरसेनापतींच्या मुख्यालयात गेला. केरेन्स्कीच्या वतीने त्याने तिसऱ्या घोडदळ कोअरची मागणी केली. राजधानीत लष्करी कायदा पुकारल्यावर बोल्शेविकांचा उठाव होण्याचा संभव होता आणि त्या वेळी सरकारच्या हाताशी फौज असावी, हा या मागणीचा हेतू होता. त्याबरोबर दोन अटी होत्या. कोअरचे नेतृत्व जनरल क्रिमोव्हकडे नसावे आणि काकेशसमधील डोंगरी जमातींचा ‘रानटी डिव्हिजन’ नावाचा विभाग तिच्यासोबत पाठवू नये. कोर्निलोव्हने या अटी मान्य केल्या, पण त्या पाळल्या मात्र गेल्या नाहीत.

२४ व २५ ऑगस्ट : साविन्कोव्ह निघून गेल्यावर लगेचच व्लादिमीर ल्वोव्ह हा माजी मंत्री मोगिलेव्हला पोहोचला. २२ तारखेला तो केरेन्स्कीला भेटून आला होता. आपण पंतप्रधानांच्या वतीने आलो आहोत, असे त्याने कोर्निलोव्हला भासवले आणि नव्या सत्तेच्या रचनेविषयी त्याचे मत विचारले. सर्वाधिकार सरसेनापतीकडे यावेत, हा पर्याय कोर्निलोव्हने पसंत केला. साविन्कोव्हला या मध्यस्थीची कल्पना नव्हती.

२६ ऑगस्ट : ल्वोव्हने केरेन्स्कीपुढे तीन मागण्या ठेवल्या. राजधानीत लष्करी कायदा पुकारावा, सर्व मंत्र्यांनी राजीनामे द्यावेत आणि मुलकी व लष्करी सत्ता सरसेनापतीकडे सोपवावी. केरेन्स्कीला हा निर्वाणीचा इशारा वाटला. त्या रात्री ह्यूज यंत्रावर, म्हणजे अक्षरे छापून देणाऱ्या तारयंत्रावर, त्याने कोर्निलोव्हशी संभाषण केले. ल्वोव्ह तेथे वेळेवर आला नव्हता, तरी केरेन्स्कीने त्याच्याही नावाने प्रश्न विचारले. ल्वोव्हने सांगितलेले खरे का, एवढेच विचारले गेले. नेमके काय सांगितले, हे कोर्निलोव्हने विचारले नाही आणि केरेन्स्कीनेही ते उच्चारले नाही. कोर्निलोव्हने होकार दिला. त्यानंतर केरेन्स्कीने ल्वोव्हला अटक करवली, मंत्रिमंडळाकडून सर्वाधिकार मिळवले आणि कोर्निलोव्हला पदच्युत केल्याची तार पाठवली.

२७ ऑगस्ट : पहाटेपूर्वी कोर्निलोव्हने साविन्कोव्हला तार केली. कोअर २८ च्या संध्याकाळपर्यंत राजधानीजवळ जमेल, तेव्हा २९ ला लष्करी कायदा पुकारावा, असे तीत कळवले होते. आपल्या पदच्युतीची बातमी त्याला तोवर मिळालेली नव्हती. पुढे त्याच दिवशी साविन्कोव्ह ह्यूज यंत्रावर त्याच्याशी दीर्घकाळ बोलला आणि आदेश मानून पायउतार होण्याची विनंती त्याने केली. कोर्निलोव्हने नकार दिला आणि सरकारविरुद्ध जाहीरनामा काढला.

२८ ते ३१ ऑगस्ट : साविन्कोव्हकडे पेट्रोग्राडचे लष्करी गव्हर्नरपद आणि संरक्षणाची जबाबदारी सोपवण्यात आली. परंतु उठाव मोडला तो रेल्वे कामगारांनी गाड्या अडवल्यामुळे आणि सोव्हिएतच्या प्रचारकांनी सैनिकांची मने वळवल्यामुळे. साविन्कोव्हला दोन-तीन दिवसांतच हे पद सोडावे लागले. क्रिमोव्हने ३१ ऑगस्टला स्वतःवर गोळी झाडून घेतली. सप्टेंबरच्या आरंभी कोर्निलोव्हला अटक झाली.

आपली प्रगती तपासा – १
(अ) साविन्कोव्हने मोगिलेव्ह येथे कोणत्या फौजेची मागणी केली? त्यासोबत कोणत्या दोन अटी होत्या?
(आ) २६ ऑगस्टच्या तारयंत्रावरील संभाषणात कोणता महत्त्वाचा प्रश्न विचारला गेला नाही?

६.५ वादाचे स्वरूप : चार भूमिका

१. साविन्कोव्ह कटात सामील होता. त्याच्याच पक्षातील अनेकांचा हा संशय होता. समाजवादी क्रांतिकारक पक्षाच्या मध्यवर्ती समितीने त्याच्याकडे खुलासा मागितला, तेव्हा समितीपुढे जाण्यास त्याने नकार दिला आणि पक्षाने त्याची हकालपट्टी केली. कोर्निलोव्हच्या नियोजित सरकारात साविन्कोव्हला युद्धमंत्री करण्याचा विचार होता, ही गोष्टही या संशयाला बळ देते.

२. साविन्कोव्ह केरेन्स्कीच्या सापळ्याचा भाग होता. ही कोर्निलोव्हच्या समर्थकांची भूमिका होय. सरकारनेच फौज मागवली आणि ती निघाल्यावर तिला बंडखोर ठरवले, असे त्यांचे म्हणणे होते.

३. तो प्रामाणिक मध्यस्थ होता. हे साविन्कोव्हचे स्वतःचे प्रतिपादन आहे. १९१९ मध्ये पॅरिस येथे त्याने या प्रकरणावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. आपण सरकारच्या आदेशानुसारच फौज मागितली, ल्वोव्हचा कारभार आपल्याला अज्ञात होता आणि गैरसमज मिटवण्यासाठी आपण शेवटपर्यंत झटलो, असे त्याने मांडले.

४. तिघेही एकाच वाटेचे प्रवासी होते. सोव्हिएत इतिहासकारांच्या मते केरेन्स्की, साविन्कोव्ह आणि कोर्निलोव्ह हे तिघेही क्रांती दडपण्यासाठी एकत्र आले होते. जनतेच्या भीतीने केरेन्स्कीने अखेरच्या क्षणी माघार घेतली, एवढाच फरक.

पाश्चात्त्य इतिहासकारांतही मतभेद आहेत. जॉर्ज कॅटकोव्ह यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात दोषाचा मोठा भार केरेन्स्कीवर टाकला. रिचर्ड पाइप्स यांनी १९९० मध्ये असे मत मांडले की कोर्निलोव्हचा कट असा नव्हताच. कोर्निलोव्हला बदनाम करण्याचा केरेन्स्कीचा डाव मात्र होता. केरेन्स्कीने आपल्या साक्षीत, पुस्तकांत आणि आठवणींत आयुष्यभर याच्या नेमके उलट सांगितले.

६.६ पुराव्यांचे मूल्यमापन

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करताना वि. का. राजवाडे यांनी बखरीपेक्षा अस्सल समकालीन कागदाला अधिक प्रमाण मानले, हे तुम्ही वाचले असेल. तोच निकष येथे लावून पाहू.

नंतरच्या निवेदनांना येथे फारसे वजन देता येत नाही. केरेन्स्कीची साक्ष प्रकरणानंतर पाच-सहा आठवड्यांनी झाली आणि १९१८ मध्ये ती त्याच्याच टिपणांसह प्रसिद्ध झाली. साविन्कोव्हची पुस्तिका देशाबाहेरून, सर्वस्व गमावल्यानंतर आली. ल्वोव्हच्या आठवणींत इतकी विसंगती आहे की त्यांचा आधार घेणे धोक्याचे आहे. प्रत्येक जण स्वतःचा खटला स्वतःच चालवत होता. साविन्कोव्ह तर कसलेला लेखक होता. त्याचे कथन सर्वांत सुसंगत वाटते, आणि म्हणूनच आपण तेथे अधिक सावध राहिले पाहिजे. सुसंगती हा लेखनाचा गुण आहे, सत्याचा पुरावा नव्हे.

समकालीन कागदांत तीन विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे कोर्निलोव्हची २७ ऑगस्टच्या पहाटेपूर्वीची तार. बंड करणारा सेनापती आपल्या फौजेची वेळ ज्या सरकारवर ती चालून जाणार त्या सरकारच्या मंत्र्याला कळवत नाही. किमान त्या क्षणापर्यंत आपण साविन्कोव्हशी ठरल्याप्रमाणे वागत आहोत असे कोर्निलोव्हला वाटत होते, हे या तारेवरून दिसते. दुसरा कागद म्हणजे त्याच दिवशीच्या तारयंत्रावरील संभाषणाची पट्टी. तीत साविन्कोव्ह कोर्निलोव्हला आदेश पाळण्यास सांगतो आणि आपण पंतप्रधानांच्या वतीने कोणताही राजकीय प्रस्ताव आणला नव्हता, असेही नोंदवतो. कटातील भागीदाराची ही भाषा नव्हे. मात्र हे शब्द कागदावर उमटत आहेत आणि पुढे वाचले जाणार आहेत, याची जाणीवही त्याला होती. तिसरा कागद मुख्यालयातील बैठकीचे टिपण होय. सोव्हिएतने उठावाला साथ दिली तर तिच्याविरुद्धही निर्दयपणे कारवाई होईल, असे साविन्कोव्ह म्हणाल्याचे त्यात नमूद आहे. या टिपणावर कोर्निलोव्हच्या बाजूच्या सेनाधिकाऱ्यांच्या सह्या आहेत आणि साविन्कोव्हने त्याच्या अचूकतेवर आक्षेप घेतला. तरीही फौजेची मागणी झाली ही मुख्य गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे.

या तीन कागदांवरून पुढील निष्कर्ष काढता येतो. केरेन्स्कीविरुद्धच्या कटात साविन्कोव्ह सामील होता, असे पुराव्यावरून ठरत नाही. क्रिमोव्ह आणि ‘रानटी डिव्हिजन’ नको, या अटीच दाखवतात की मुख्यालयाविषयी तो पूर्णपणे निःशंक नव्हता. परंतु तो केवळ निरोप्याही नव्हता. लष्करी कायदा, मृत्युदंडाचा विस्तार आणि राजधानीत विश्वासू घोडदळ, ही सारी योजना घडवणाऱ्यांत तो अग्रभागी होता. कोर्निलोव्हला सत्तेच्या उंबरठ्यावर आणून उभे करणाराही तोच.

६.७ परिणाम आणि जबाबदारी

हा वाद केवळ एका व्यक्तीच्या चारित्र्याचा नाही. राजधानीच्या रक्षणासाठी सोव्हिएतने कामगारांना शस्त्रे दिली. बोल्शेविकांना मोकळीक मिळाली आणि जुलैनंतर तुरुंगात टाकलेले त्यांचे नेते सुटू लागले. ३१ ऑगस्टला पेट्रोग्राड सोव्हिएतमध्ये बोल्शेविकांचा ठराव प्रथमच बहुमताने संमत झाला. अधिकाऱ्यांचा केरेन्स्कीवरचा आणि सैनिकांचा अधिकाऱ्यांवरचा उरलासुरला विश्वास संपला. आठ आठवड्यांनी बोल्शेविक उठले, तेव्हा हंगामी सरकारच्या बाजूने उभे राहायला फारसे कोणी नव्हते. जे टाळण्यासाठी साविन्कोव्हने ही योजना आखली, तेच तिच्या फसण्यामुळे जवळ आले.

येथे आपल्याला जबाबदारीचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिली कायदेशीर जबाबदारी. कट कोणी रचला, आदेश कोणी मोडला, याचा निवाडा पुराव्यावर होतो. दुसरी वैचारिक जबाबदारी. कठोर सत्तेची गरज कोणी पटवून दिली, फौज राजधानीत आणणे हा राजकीय प्रश्नाचा उपाय आहे हे कोणी सर्वमान्य केले, याचा विचार तिच्यात येतो. पहिल्या आरोपातून साविन्कोव्ह बहुतांशी सुटतो, दुसऱ्यातून सुटत नाही. ‘मी फक्त दोघांना जोडत होतो’ हा युक्तिवाद अपुरा आहे, कारण सेनापतीच्या हाती तलवार देणाऱ्याला ती केवळ आपण सांगू तेव्हाच उपसली जाईल असे गृहीत धरता येत नाही.

पुढे साविन्कोव्ह बोल्शेविकांविरुद्ध सशस्त्र लढ्यात उतरला. १९२४ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सापळा रचून त्याला देशात आणले आणि पकडले. त्याला झालेली मृत्युदंडाची शिक्षा दहा वर्षांच्या कैदेत बदलण्यात आली. मे १९२५ मध्ये मॉस्कोच्या लुब्यान्का तुरुंगात खिडकीतून पडून त्याचा मृत्यू झाला. अधिकृत नोंद आत्महत्येची आहे, पण त्यावरही शंका घेतली गेली. कोर्निलोव्ह १९१८ मध्येच यादवी युद्धात तोफगोळ्याने मारला गेला होता. केरेन्स्की मात्र १९७० पर्यंत जगला. म्हणून या प्रकरणाची सर्वांत दीर्घकाळ ऐकू आलेली बाजू त्याची आहे. कोण किती काळ जगला, यावरही इतिहासाचे कथन अवलंबून असते, ही गोष्ट अभ्यासकाने विसरू नये.

आपली प्रगती तपासा – २
(अ) २७ ऑगस्टच्या पहाटेपूर्वीच्या तारेवरून कोणता निष्कर्ष निघतो?
(आ) कायदेशीर आणि वैचारिक जबाबदारी यांत काय फरक आहे?

६.८ सारांश

१९१७ च्या ऑगस्टमध्ये युद्ध, बेशिस्त आणि दुहेरी सत्ता यांच्या पेचातून कोर्निलोव्ह प्रकरण उद्भवले. साविन्कोव्हने केरेन्स्की आणि कोर्निलोव्ह यांना एकत्र आणून कठोर सत्ता उभी करण्याचा प्रयत्न केला. ल्वोव्हची मध्यस्थी, अपुरे संभाषण आणि परस्परांविषयीचा संशय यांमुळे हा प्रयत्न उठावात परिणत झाला. समकालीन कागदपत्रे त्याला केरेन्स्कीविरुद्धच्या कटातून बरेचसे मुक्त करतात, परंतु ज्या योजनेतून उठाव शक्य झाला तिचा तो एक प्रमुख शिल्पकार होता.

६.९ शब्दार्थ

कमिसार : सैन्यात नेमलेला सरकारचा राजकीय प्रतिनिधी.
कोअर : अनेक डिव्हिजन मिळून होणारा सैन्याचा मोठा विभाग.
सोव्हिएत : कामगार, सैनिक इत्यादींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची परिषद.
आत्मसमर्थन : स्वतःच्या वर्तनाचे समर्थन करण्यासाठी केलेले निवेदन.

६.१० ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

१. (अ) तिसऱ्या घोडदळ कोअरची; क्रिमोव्हकडे नेतृत्व नसावे आणि ‘रानटी डिव्हिजन’ पाठवू नये. (आ) ल्वोव्हने कोर्निलोव्हच्या नावाने नेमके काय सांगितले, हा प्रश्न.
२. (अ) आपण सरकारशी ठरल्याप्रमाणे फौज पाठवत आहोत, अशी कोर्निलोव्हची त्या क्षणापर्यंतची समजूत होती. (आ) पहिली प्रत्यक्ष कृतीविषयी असते आणि पुराव्यावर ठरते. दुसरी त्या कृतीला अनुकूल विचार व परिस्थिती निर्माण करण्याविषयी असते.

६.११ स्वाध्याय

१. साविन्कोव्हच्या भूमिकेविषयीच्या चार मतांची तुलना करा. त्यांपैकी कोणते मत तुम्हांला अधिक ग्राह्य वाटते, ते सकारण लिहा.
२. ‘सुसंगती हा लेखनाचा गुण आहे, सत्याचा पुरावा नव्हे.’ या विधानाची चर्चा तुम्ही वाचलेल्या एखाद्या मराठी आत्मचरित्राच्या आधारे करा.
३. टीप लिहा : ल्वोव्हची मध्यस्थी आणि तिचे परिणाम.